चौथ्या चौकटीतला शिपाई

घाटकोपर,
ता. २० फेब्रुवारी १९५६

चि. सहदेव यास ताईचे आशीर्वाद, आणि त्याबरोबर थोडा रागही.

जोगेश्वरी म्हणजे काही रत्नागिरी नव्हे. अंधेरीहून कुर्ल्याची बस मिळते हे तूच मला शिकवलंस. संक्रांतीपासून तुझं तोंड दिसलं नाही. आई गावाहून लिहिते, सहदेव कसा आहे ते कळव, आणि मी इथून थापा मारते की परवाच येऊन गेला, पोटभर जेवून गेला. अशाने तू माझ्या हातून किती जेवणार आहेस कोण जाणे.

इथलं सांगायचं तर रथसप्तमी झाली आणि संक्रांतीचं हळदीकुंकू संपलं. मी सगळ्या चाळीला बोलावलं होतं. तिळाच्या वड्या केल्या, लुटायला लाकडी फण्या आणल्या. समोरची म्हातारी तेवढी आली, आणि तिला नीटसं दिसत नाही. बाकी कोणी उंबरा ओलांडला नाही. शेजारच्या जानकीने तर तोंडावर सांगितलं, "तुझ्या घरातलं कुंकू आम्हांला नको गे मालन. कोणाच्यातरी कपाळाचं पुसून आलंय ते."

नळावर गेले की बायका आपल्या कळश्या बाजूला घेतात. आमची चाळ सगळी गिरणीवाल्यांची आणि कारखानेवाल्यांची. जानेवारीत मुंबईसाठी दंगल पेटली तेव्हा ह्यांना बंदोबस्ताला गिरणगावात धाडलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. तिथे गोळीबार झाला, माणसं मेली, हेही ठाऊक. ह्यांनी गोळी वर, हवेत मारली, हे मात्र मला एकटीला ठाऊक आहे. मी कोणाकोणाच्या दारात जाऊन सांगू?

हे ड्यूटीवरून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तू आलास तर दोन शब्द बोलतील. ये रे.

तुझी,
मालनताई

&nbsp;

जोगेश्वरी,
ता. ११ मार्च १९५६

तीर्थस्वरूप ताईस, सहदेवचा वाकून नमस्कार. राग पोचला, कानही दुखला.

स्टुडिओत काम फार आहे असं लिहिणार होतो. अर्धं पत्र तसं लिहूनही झालं होतं, ते फाडलं. काम रोजचंच आहे. सिनेमातल्या राजवाड्यामागचं आकाश रंगवायचं, दुसऱ्या दिवशी पुसून तिथेच समुद्र काढायचा. त्यापायी बहिणीला तोंड चुकवण्याचं काही कारण नाही.

खरं कारण सांगतो. आमच्या वाडीच्या मंडळाने यंदा गणपतीच्या बाजूला मोठा पडदा करायचं ठरवलं आहे. लंकादहन नको, कालियामर्दन नको. जानेवारीत मुंबईत जे झालं तेच क्रमाने, नऊ चौकटींत. आपल्या गावी देवळात चित्रकथी एकेक चित्र पुढे करून गोष्ट सांगायचे ना, तसं. मंडळाचे सेक्रेटरी काशीराम छडी घेऊन उभे राहणार आणि लोकांना एकेक चौकट दाखवत सांगणार. चित्रं मी काढायची. आजवर खोटी आकाशं रंगवली, पहिल्यांदाच कोणी खरं काही काढायला सांगितलं, म्हणून मी मागचापुढचा विचार न करता हो म्हटलं.

पण माझे भावोजी पोलिसात आहेत हे मंडळात कोणाला माहीत नाही. काशीरामने एकदा विचारलं, "तुझा मेव्हणा कुठे असतो रे?" मी म्हटलं, "टपाल खात्यात." ताई, मला भावोजींची लाज वाटते. आणि ज्या माणसाने आपल्या पगारातून मला पहिले रंग आणून दिले त्याला मी टपाल खात्यात ढकललं, याची त्याहून जास्त वाटते. या दोन्ही लाजा घेऊन तुझ्या दारात कसा येऊ?

आता निर्लज्जासारखं एक मागतो. चौथ्या चौकटीत गोळीबार आहे. बंदूक कुठल्या खांद्याला लावतात, पाय कसे असतात, मान किती कलते, मला काही माहीत नाही. भावोजींना विचारून कळवशील? माझं नाव सांगू नकोस. आणि कार्डावर लिहू नकोस, आमचा पोस्टमन मंडळाचा सभासद आहे.

तुझा,
सहदेव

&nbsp;

घाटकोपर,
ता. २ एप्रिल १९५६

चि. सहदेवास आशीर्वाद.

टपाल खातं! वाचून आधी हसले, मग चुलीपुढे बसून रडले. तुला बोलायला मला खूप येतं, पण मीही परवा बाजारात एका बाईला सांगितलं की आमचे हे बेस्टमध्ये आहेत. बहीणभाऊ शोभतो खरे.

तुझं नाव लपवून विचारणं मला जमलं नाही. सरळ सांगितलं, सहदेव मोठं चित्र काढतोय, त्याला पोलीस हवाय, बंदूक कशी धरतात दाखवा. मला वाटलं उखडतील. ते उठले, दाराचा अडसर घेतला आणि उभे राहिले. बघितलं तेवढं लिहिते. डावा पाय पुढे, दांडा उजव्या खांद्यात रुतवलेला, गाल त्यावर टेकलेला, एक डोळा मिटलेला. अडसर सरळ समोर धरला होता, पण आमचं छत बुटकं, वर धरणार तरी कसा! थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग अडसर जागेवर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले ते दिवेलागणीला आले. जेवताना मी विषय काढला नाही.

निळा डगला आणि पिवळी टोपी तुला माहीतच आहे. डगल्याचं वरचं बटण ह्यांचं नेहमी सुटलेलं असतं, कितीदा शिवलं तरी.

आता माझं ऐक. तू मला पोलीस मागितलास, मी दिला. बदल्यात एक कर. तुझ्या चित्रात सगळे पोलीस राक्षस नको काढूस. एकाची तरी बंदूक वर असू दे. उपकार म्हणून नव्हे. ते खरं आहे म्हणून.

कुळथाची पिठी पाठवते आहे, ओळखीचा माणूस अंधेरीला येतो त्याच्याबरोबर.

मालनताई

&nbsp;

जोगेश्वरी,
ता. ८ जुलै १९५६

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार.

पिठी पोचली आणि संपलीही. पत्राला उशीर झाला कारण हात सदा रंगात. म्हशींच्या तबेल्याशेजारी एक पत्र्याची शेड मिळाली आहे. मांजरपाटाची लांबच लांब पट्टी शिवून घेतली, तिला खळ देऊन ताणली, आणि आता सरसात पुडीचे रंग कालवून काम चाललंय. सरसाचा वास आणि तबेल्याचा वास यांत कोण जिंकतं ते अजून ठरायचं आहे.

पाच चौकटी झाल्या. पहिलीत रेडिओभोवती जमलेली माणसं, दुसरीत मोर्चा, तिसरीत बंद दुकानं आणि जळणारे टायर. चौथी मला सगळ्यात जड गेली. हुतात्म्यासाठी काशीराम स्वतः उभे राहिले. सदऱ्याची बटणं सोडून, छाती पुढे काढून, हात आकाशाकडे. पोट आत ओढून धरायला सांगितलं तर म्हणतात, "हुतात्म्याला श्वास घेऊ दे रे!" त्यांचं पोट मीच कमी केलं.

आणि ताई, तुझा शिपाई काढला. समोर पोलिसांची रांग, त्यात मधोमध एकाची बंदूक सरळ आभाळाकडे. चेहरा काढताना माझ्यापुढे दुसरा पोलीसच नव्हता. तुमचा लग्नातला फोटो पुढे ठेवला आणि तोच काढला. वरचं बटण सुटलेलं. काशीरामला विचारलं, हा असा चालेल का? ते म्हणाले, "चालेल काय, पळेल! मराठी आईचा पूत आपल्या माणसावर गोळी कशी घालेल? लोक रडतील बघ." तो कोण हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शेडमध्ये बघायला येणारे त्याच चौकटीशी सर्वांत जास्त थांबतात. मला वाटतं, माझ्या हातून एवढं चांगलं काही झालं नव्हतं.

तुझा,
सहदेव

&nbsp;

घाटकोपर,
ता. १६ ऑगस्ट १९५६

चि. सहदेवास अनेक आशीर्वाद, आणि साखर तोंडात घाल.

पत्र मी किती वेळा वाचलं विचारू नकोस. वाचलं आणि सरळ जानकीच्या दारात गेले. तिने आत ये म्हटलं नाही, मी उंबऱ्यातूनच वाचून दाखवलं. तुझ्या भावाने काढलंय होय, म्हणाली. म्हटलं, भावाने काढलं, पण शिक्का मंडळाचा आहे, सेक्रेटरीने पास केलंय. तिने निवडायचे तांदूळ पुढे ओढले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन आली, "विरजण आहे का गे?" म्हणत. सहदेव, जानेवारीपासून माझ्याकडे कोणी काही मागायला आलं नव्हतं. मी तिला वाटीभर दही दिलं आणि ती गेल्यावर दाराआड उभी राहून पदराला डोळे पुसले.

आता पेपरात द्विभाषिक राज्याची बातमी आली आणि चाळ पुन्हा तापली. पण नळावर चाळीतल्याच वनमालाने माझी कळशी स्वतः उचलून पुढे लावली. "तुझ्या घरच्यांनी वर मारली, ते आम्हांला काय माहीत," म्हणाली. गौरी बसल्या की दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या जणी तुझा पडदा बघायला येणार आहोत. जागा धरून ठेव.

ह्यांनाही पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, अर्ध्या ताटावरून उठले. मग एवढंच विचारलं, "शेड खंय आसा तेची?"

मालनताई

&nbsp;

जोगेश्वरी,
ता. १ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप ताईस नमस्कार.

घाईत लिहितो. शेडचा पत्रा गळला आणि पडद्यावर पाणी आलं. चौथी चौकट खराब झाली आहे. पहिल्यासारखी होईल असं वाटत नाही. तू बायकांना घेऊन यंदा येऊ नकोस. पुढच्या वर्षी आणखी चांगला करू. तब्येतीला जप.

सहदेव

&nbsp;

घाटकोपर,
ता. ३ सप्टेंबर १९५६

सहदेवास,

पत्रा गळला म्हणे. तू पाच वर्षांचा असताना गुळाचा खडा खाऊन मुंगळ्यांनी नेला म्हणाला होतास, तेव्हाचं तोंड मला या अक्षरात दिसलं.

मला कळलं काय झालं ते. मंडळात फुटलं असणार की मालन पोलिसाची बायको आहे. मांडवात सगळ्यांसमोर "ही माझी ताई" म्हणायची तुला लाज वाटते. वाटू दे. मी तुला ओळख दे म्हणणार नाही. रांगेत उभी राहीन, चित्र बघीन, गणपतीला नमस्कार करीन आणि परत येईन. पण बायकांना मी सांगून चुकले आहे. आता नाही म्हटलं तर त्या म्हणतील, बघा, खोटं होतं.

आम्ही येणार.

मालन

&nbsp;

जोगेश्वरी,
ता. ५ सप्टेंबर १९५६

ताई,

पत्रा गळला नाही. मंडळात काही फुटलं नाही. तुझी लाज वाटली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतंय.

भावोजी आले होते.

गेल्या बुधवारी दुपारी, साध्या कपड्यांत. मी शिडीवर होतो. काशीरामला वाटलं कोणी बघायला आलंय. त्यांना तालमीची हौस, लगेच छडी घेतली आणि पहिल्या चौकटीपासून सुरू केलं. भावोजी हात मागे बांधून ऐकत होते. चौथ्या चौकटीला काशीरामचा आवाज चढला. "आणि हा बघा! हुकूम सुटला, पण या मर्दाने बंदूक वर केली!" छडी भावोजींच्याच चेहऱ्यावर टेकली होती, आणि काशीरामला ते दिसलं नाही. मी शिडीवरून खाली उतरू शकलो नाही. भावोजींनी नवव्या चौकटीपर्यंत सगळं ऐकलं. मग काशीराम मांडवाचे बांबू बघायला गेले.

भावोजी चौथ्या चौकटीकडे परत आले. म्हणाले, "सहदेवा, तो मी ना?"

मी होय म्हटलं.

"बंदूक वर नाय होती."

मी आता कुठे शिडीवरून खाली आलो.

"समोर होती. आणि तो असो छाती काढून नाय होतो. तेची पाठ होती माझ्याकडे. दुकानाची फळी लावी होतो तो. आमका सांगितला, रस्त्यावर दिसात तो दंगलवालो."

तबेल्यात धार काढण्याची वेळ झाली होती, गवळ्यांची हाकाहाक चालू होती. मी विचारलं, ताईला हे माहीत आहे? ते म्हणाले, "मी तिका कधी वर म्हणान सांगूक नाय. तीच म्हणता. सांगूक बघतंय तर माझा तोंड उघडत नाय." जाताना वळून म्हणाले, "ती बंदूक खाली घे. आणि तेका पळताना दाखवू नको हां. तो पळत नाय होतो."

ताई, ते गेल्यावर मी चित्रासमोर बसलो. माझा पोलीस मारत नाही, माझा हुतात्मा घाबरत नाही. दोन्हीकडची माणसं मी इतकी चांगली काढली आहेत की त्या चौकटीत माणूस मेला कसा, तेच कळत नाही. मला खरं काढायला सांगितलं होतं. मी पुन्हा सिनेमाचं आकाशच काढलं. ब्रश हातात धरायची लाज वाटली.

काशीरामला नुसतं विचारून पाहिलं, हुतात्मा पाठमोरा काढू का? ते भडकले. "पाठीत गोळी? लोक म्हणतील पळत होता!" मी म्हटलं, दुकानाची फळी लावत होता. ते म्हणाले, "मग तो हुतात्मा कसला? आणि तुला कोणी सांगितलं?" त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण मी दिलं नाही.

अजून काही पुसलेलं नाही. आहे तसं राहू दिलं तर चाळीत तुझी कळशी जागेवर राहील, मंडळ खूश राहील. खरं तिघांनाच माहीत, आणि तिघंही घरचेच. बदललं तर गौरीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या मैत्रिणी तेच बघतील. शनिवारी गणपती बसणार. तू म्हणशील तसं करतो. हे तुझ्यावर टाकतोय, त्याचीही लाज वाटते, पण मला एकट्याला ठरवता येत नाही.

सहदेव

&nbsp;

घाटकोपर,
ता. ७ सप्टेंबर १९५६

चि. सहदेव यास,

तुझं पत्र काल आलं. हे ड्यूटीवर होते. दिवसभर मी घरात काय काय केलं मला आठवत नाही. भात दोनदा धुतला एवढं आठवतं.

जानेवारीत हे घरी आले तेव्हा मी कसं विचारलं होतं ते सांगते. "वरच मारलीत ना हो? वरच मारली असणार. तुम्ही कुठे कोणाला मारणार!" एका दमात. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ते काही बोलले नाहीत, आणि मी झालं, सुटले, म्हणून पाण्याचा तांब्या पुढे केला. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. त्यांना बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. मग आठ महिने तेच सगळीकडे सांगत फिरले.

काल संध्याकाळी हे आले. तुझं पत्र पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "कशी होती बंदूक?" एवढंच, आणि गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं ते तुला माहीत आहे. पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. खूप वेळाने त्यांनी सांगितलं. तुला सांगितलं तेवढं, आणि आणखी थोडं. ते आणखी थोडं मी लिहीत नाही. सांगून झाल्यावर रडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला जवळ जाववलं नाही. मग मी गेले जवळ.

सहदेव, त्यांनी केलं त्याची लाज त्यांना आहेच, ती त्यांच्या जन्माला पुरेल. मला माझी वाटते. जानकी विरजणाला आली, वनमालाने कळशी पुढे लावली, आणि मी मिरवले. एक माणूस दुकानाची फळी लावताना मेला, आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून मी नळावरची माझी जागा परत मिळवली. ती जागा मला नको.

बंदूक खाली घे. त्या माणसाला फिरव आणि त्याच्या हातात फळी दे. काशीरामला सांग, मला कोणी सांगितलं ते हे बघा, आणि ह्यांना पुढे कर. टपाल खात्यातून आता बाहेर काढ त्यांना. मंडळाने तुझा पडदा गुंडाळून ठेवला तर ठेवू दे, पण तू खोटा टांगू नकोस. हे पत्र पोस्टात टाकत नाही, हेच घेऊन येताहेत. ओळखीच्या शिपायाला बदली ड्यूटी दिली आहे. त्यांना समोर उभं करून काढ. मी विचारलं, उभे राहाल का? ते हो म्हणाले.

बायकांना मी काही कळवलेलं नाही. त्या ठरल्याप्रमाणे येतील, मीही त्यांच्याबरोबर येईन. आधी सांगितलं तर अर्ध्या जणी यायच्याच नाहीत, आणि मग घरोघरी चार तऱ्हांनी गोष्ट फिरेल. चित्रासमोरच सांगायचं ठरवलं आहे. काशीरामची छडी चौथ्या चौकटीवर आली की त्या विचारतीलच, यातले तुझे कुठले गे?

लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, त्यानंतर ह्यांचं नाव माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पण रांगेत इतके पोलीस असताना नुसतं 'हे' म्हटलं तर ते कोणीही असतील, आणि मला तसं पुन्हा सुटायचं नाही. मी पुढे होईन, बंदूक समोर धरलेल्या शिपायावर बोट ठेवीन, आणि मागच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन: हा धाकू परब. माझा नवरा.

मालनताई